छिलक्यांत उरलेला दिवस

नेवासे म्हटले की मराठी वाचकाला पैस खांब आठवतो, शके १२१२ आठवतो. त्याच गावाजवळ प्रवरेच्या दरडीत चुनखडीने घट्ट बांधले गेलेले वाळूगोट्यांचे थर उघडे पडले आहेत. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाच्या लाडमोड टेकडीचे उत्खनन केले. टेकडीत ताम्रपाषाणयुगापासून मराठेशाहीपर्यंतच्या वस्त्यांचे अवशेष निघाले. नदीच्या दरडीने त्याहून फार मागचे काही पुढे केले. खालच्या गोट्यांच्या थरात काळ्या पाषाणाच्या जड हातकुऱ्हाडी आणि फरशी नावाची धारदार कडेची हत्यारे होती. वरच्या थरात अकीक, जास्पर, गारगोटी अशा रंगीत, काचेसारख्या फुटणाऱ्या दगडांची लहान हत्यारे होती. सोबत रानबैलाच्या कुळातल्या जनावरांची अश्मीभूत हाडे सापडली. खालच्या थराचे वय साडेतीन लाख वर्षांच्या पलीकडे जाते, असे पुढे युरेनियम-थोरियम पद्धतीने दिसून आले.

शेतीचा शोध लागून जेमतेम दहा-बारा हजार वर्षे झाली. म्हणजे दख्खनच्या पठारावर माणूस जितका काळ वावरला, त्यातला बहुतेक सगळा काळ शिकार करून, कंदमुळे खणून आणि फळे वेचून गेला. आपल्या शालेय पुस्तकांत या काळाला एखादे पान मिळते. त्या पानावर कातडे गुंडाळलेला, हातात सोटा घेतलेला एक पुरुष उभा असतो. त्याची बायको, म्हातारी आई, रडणारे पोर, पावसाळ्यातला निवारा, उन्हाळ्यातले पाणी, दुपारचे जेवण यांतले काहीच त्या चित्रात नसते. पुढची प्रकरणे या राहून गेलेल्या गोष्टींविषयी आहेत. त्यांचा पुरावा मुख्यतः दगडाचाच आहे, म्हणून दगड कसा वाचायचा हे आधी सांगितले पाहिजे.

भारतात या अभ्यासाची सुरुवात १८६३ साली झाली. त्या वर्षी ३० मे रोजी भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळच्या पल्लावरम येथे एक हातकुऱ्हाड सापडली, आणि या देशात अश्मयुग होते हे प्रथम सिद्ध झाले. काही महिन्यांनी त्यांना अत्तिरंपक्कम हे स्थळ मिळाले. पुढे शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि तिथल्या सर्वांत जुन्या हत्यारांचे वय सुमारे १५ लाख वर्षे असल्याचे २०११ मध्ये जाहीर केले. महाराष्ट्रातही शोध फूट यांच्या पाठोपाठच लागला. १८६०च्या दशकात पैठणजवळच्या मुंगी येथे गोदावरीच्या थरांत वाइन या भूवैज्ञानिकांना अकिकाचा एक छिलका, म्हणजे ठोकून सुटा केलेला तुकडा, मिळाला. १९३०च्या दशकात टॉड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः कांदिवलीत, दगडी हत्यारांचे थर नोंदवले. आज त्या परिसरात इमारतींच्या पायाखाली काय गेले, याचा हिशेब कोणाकडे नाही.

१९३९ साली पुण्यात डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले आणि सांकलिया तिथे आले. त्यानंतर हा विषय हौशी वेचणीतून बाहेर पडला. नाशिकजवळचे गंगापूर, प्रवरेकाठचे नेवासे, गुजरातेतले लांघणज ही स्थळे त्यांच्या आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पायपिटीतून उभी राहिली. नदीच्या काठाकाठाने चालायचे, दरड पाहायची, थर मोजायचा, हत्यार कोणत्या थरातून आले ते लिहून ठेवायचे, ही त्यांची शिस्त होती. भारतीय प्रागितिहासाचा आजचा सगळा डोलारा त्या नोंदींवर उभा आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

आता दगडाकडे येऊ. दख्खन म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा. त्यातला सगळाच दगड हत्यारांच्या कामाचा नाही. मांजऱ्या दगड ठिसूळ, सच्छिद्र असतो. काळवत्री मात्र घट्ट, बारीक कणांची. काही ठिकाणी लाव्ह्याच्या भेगांत डोलेराइटच्या उभ्या भिंती थिजल्या आहेत. त्यांचा दगड जड आणि चिवट, मोठ्या हत्यारांना उत्तम. लाव्ह्यात राहिलेल्या पोकळ्यांत पुढे सिलिका साचून अकीक आणि त्याच्या जातीचे दगड तयार झाले. हे गोळे बहुधा लहान असतात, पण त्यांची धार अतिशय तीक्ष्ण निघते. कोणता दगड कुठल्या ओढ्यात मिळतो, कोणता ठोकल्यावर खणखणीत वाजतो, कोणता आतून भेगाळलेला असतो, हे ज्ञान पोटापाण्याइतकेच महत्त्वाचे होते. आईबापांकडून मुलांकडे ते हातानेच जात असणार.

हातकुऱ्हाड म्हणजे दोन्ही बाजूंनी छिलके काढून घडवलेले, एका टोकाला निमुळते होत जाणारे हत्यार. फरशीची रीत वेगळी. आधी मोठ्या धोंड्यातून एक भलामोठा छिलका एका फटक्यात सुटा करायचा. त्याची एक कड जन्मतःच धारदार असते. ती कड अजिबात न छेडता बाजू आणि बूड ठोकून हातात बसेल असे करायचे. याचा अर्थ, पहिला फटका मारण्याआधीच कारागिराला छिलक्याची कड कुठे आणि केवढी येणार हे माहीत असावे लागते. फटका कोणत्या कोनात बसला पाहिजे, धोंड्याची कोणती कड आधी झाडून घ्यावी लागेल, या सगळ्याचा विचार आधी होतो. दख्खनमधल्या फरश्या एकामागून एक पाहिल्या की ही कृती किती पक्की बसलेली होती ते दिसते. 'ओबडधोबड' हा शब्द त्यांच्याविषयी अजूनही सर्रास वापरला जातो. तो बंद व्हावा असे मला मनापासून वाटते.

माणसाने ठोकलेल्या छिलक्याला खूण असते. फटका जिथे बसला तिथे आतल्या बाजूला एक फुगवटा उमटतो आणि त्यापासून मंद वळ्या पसरत जातात. उन्हाने तडकलेल्या किंवा नदीत आपटलेल्या दगडावर अशा खुणा एका पाठोपाठ एक, ठरावीक दिशेने येत नाहीत. म्हणून छिलके ओळखता येतात आणि मोजता येतात. एक हातकुऱ्हाड घडताना मोठे-लहान असे ढीगभर छिलके पडतात. हत्यार माणूस बरोबर घेऊन जातो, कुठेतरी वापरतो, बोथट झाले की टाकतो. छिलके मात्र जिथे पडले तिथेच राहतात. सुतार दार बनवून ग्राहकाकडे पोचवतो, पण तो कुठे बसला होता, रंधा किती वेळ चालला, शिकाऊ पोराने किती लाकूड वाया घालवले, हे खाली पडलेल्या भुशावरून आणि ढलप्यांवरून कळते. दगडाचेही तसेच आहे. रोजचे जगणे शोधायचे तर देखण्या हातकुऱ्हाडीपेक्षा हा टाकाऊ माल अधिक बोलका आहे, हे या पुस्तकाचे मुख्य म्हणणे आहे. गेली शंभर वर्षे संग्रहालयांनी नेमके उलट केले. सुबक नग उचलले, छिलके शेतात सोडले. त्यामुळे कपाटे भरली आणि स्थळे मुकी झाली.

छिलक्यांकडे लक्ष दिल्यावर काय हाती लागते, याचा फ्रान्समधला एक दाखला फार बोलका आहे. पॅरिसजवळच्या एतिओल या स्थळी हिमयुगाच्या अखेरीस शिकाऱ्यांचा तळ होता. सेन नदीच्या गाळाने तो अलगद झाकला. अभ्यासकांनी तिथले हजारो छिलके पुन्हा एकमेकांना जुळवून मूळ दगड उभे केले. तेव्हा दिसले की सफाईदार काम चुलीच्या जवळ झाले होते. चुलीपासून लांब बसलेल्यांनी कमअस्सल दगड घेतले होते आणि चुकाही पुष्कळ केल्या होत्या. ते शिकणारे होते, बहुधा मुले. शाळा नसलेल्या काळातली शिकवणी इतकी स्पष्ट दिसते, ती कचऱ्यामुळेच.

दख्खनमध्ये असे भाग्य क्वचित लाभते. आपल्या नद्या पावसाळ्यात उसळतात, थर उचलून दुसरीकडे टाकतात. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते आणि वरची वस्तू भेगेतून खाली ओढून नेते. हाड बहुतेक ठिकाणी टिकत नाही. या अडचणींतही एक स्थळ असे मिळाले की जिथे कारागीर जणू उठून गेले आणि पसारा तसाच राहिला. उत्तर कर्नाटकात, आजच्या यादगीर जिल्ह्यात, हुणसगी आणि बैचबाळ ही जोड खोरी आहेत. डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी १९७०च्या दशकापासून तिथे ठाण मांडले आणि प्राचीन हातकुऱ्हाडींच्या काळातली दोनशेच्या घरातली स्थळे नोंदवली. त्यांपैकी इसामपूर ही दगडाची खाणच होती. चुनखडकाच्या सपाट लाद्या तिथे जमिनीतच सुट्या होत्या. माणसे जाडी पाहून लादी निवडत. पातळ लादी कडेने ठोकून थेट हातकुऱ्हाड करत आणि जाड लादीतून फरशीसाठी मोठे छिलके काढत. अर्धवट सोडलेली हत्यारे, बिघडलेले नग, ठोकण्याचे गोटे आणि छिलक्यांचे पुंजके जागच्या जागी मिळाले. इसामपूरच्या वयाचा बारा लाख वर्षांचा एक अंदाज आहे, त्यावर एकमत नाही. वय काहीही ठरो, कामाची रीत मात्र डोळ्यांसमोर उभी राहते.

पद्दय्या यांनी याच खोऱ्यातून वर्षभराच्या जगण्याचा एक आराखडा मांडला, आणि मला तो भारतीय प्रागितिहासातला सर्वांत कल्पक विचार वाटतो. त्यांनी विचारले की ही माणसे उन्हाळ्यात पाणी कुठून पीत असतील? खोऱ्यात काही ठिकाणी बारमाही झरे आहेत आणि मोठी स्थळे त्यांच्या आसपास दाटलेली आहेत. लहान, विरळ स्थळे खोरेभर विखुरलेली. यावरून त्यांनी असे सुचवले की कोरड्या दिवसांत टोळ्या झऱ्यांपाशी एकत्र येत. जनावरेही तिथेच पाण्याला येत, त्यामुळे मोठी शिकार सोपी जाई. पावसाळ्यात डबकी, ओढे भरले की लहान लहान गट पांगत आणि कंद, पालेभाज्या, फळे, लहान प्राणी यांवर राहत. आजच्या गावकऱ्यांना कोणत्या रानवनस्पती खाण्यासाठी माहीत आहेत, त्या कोणत्या महिन्यात मिळतात, याची यादीही त्यांनी जमवली. हा आराखडा तपासून पाहण्याजोगा आहे, वाद घालण्याजोगा आहे. हत्यारांची लांबी-रुंदी मोजण्यातच रमलेल्या विषयाला त्याने माणसाच्या तहानेपर्यंत आणले.

रानातल्या अन्नाचा विषय निघाला म्हणून सांगतो. १९६६ साली शिकागोत शिकारी-संकलक समाजांवर एक मोठी परिषद भरली. रिचर्ड ली यांनी कलहारी वाळवंटातल्या लोकांचा अभ्यास तिथे मांडला. त्या लोकांच्या पोटात जाणारा बहुतांश घास वनस्पतींचा होता आणि तो मुख्यतः बायका गोळा करून आणत. थंड प्रदेशांत प्रमाण वेगळे असते हे खरे. पण आपल्या उष्ण, पानझडी रानांत चारोळी, मोह, कंद, मध, मासे, खेकडे यांचा वाटा मोठा असणार. खणायची टोकदार काठी, झोळी, द्रोण, दोर यांतले काहीही लाख वर्षे टिकत नाही. टिकला तो दगड, आणि दगडाचा संबंध आपण शिकारीशी जोडला. तासणीने काठीही तासली जाते, धारेने कंदही सोलला जातो, हे विसरले गेले. धारेवर कशाच्या घर्षणाने कोणती झिलई येते हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पद्धत रशियन संशोधक सेम्योनोव यांनी घालून दिली. अकिकाच्या जातीच्या दगडांवर ती चालते. काळ्या पाषाणाचा पृष्ठभाग मात्र हवापाण्याने झिजतो आणि ही झिलई त्याच्याबरोबर जाते.

नाशिवंत साधनांचा हाच धडा फासेपारध्यांकडून मिळतो. त्या समाजाचा अभ्यास मालती नागर आणि वि. ना. मिश्र यांनी केला. तित्तिर, लावे, हरणे पकडण्याचे पारध्यांचे फासे हे अत्यंत कसबी काम आहे, आणि ते धागा, वादी, लाकूड, केस अशा नाशिवंत वस्तूंचे असते. त्यांचा तळ दहा हजार वर्षांनी खणला तर त्या कौशल्याचा मागमूस राहणार नाही. अशा अभ्यासातून पुरातत्त्वाला नम्रता शिकायला मिळते. त्याच वेळी एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. पारधी किंवा अन्य कोणताही समाज हा अश्मयुगाचा उरलेला तुकडा नाही. तो आपल्याइतकाच आजचा आहे, त्याला आपल्याइतकाच इतिहास आहे. त्या इतिहासात १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समाजांवर मारलेला शिक्काही आहे, ज्याची झळ अजून गेलेली नाही. त्यांच्याकडून शिकावे, त्यांना भूतकाळात ढकलू नये.

मोठ्या हत्यारांच्या मागून हळूहळू छिलके, मग पाती, मग नखाएवढी सूक्ष्म हत्यारे आली. अकिकाच्या गाभ्यावरून लांबट पाती सोलायची, त्यांचे तुकडे करायचे, एक बाजू बोथट करून ते डिंकाने लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवायचे. एखादा तुकडा पडला तर तेवढाच बदलायचा. जमिनीत आपल्याला सुटे तुकडे मिळतात, दांडा नाही. तो दांडा दिसतो भीमबेटकाच्या भिंतींवर. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ साली ही शैलगृहे उजेडात आणली. तिथल्या चित्रांत काटेरी टोकांचे भाले आणि बाण आहेत, पळती हरणे आहेत, नाचणाऱ्यांच्या रांगा आहेत. मिश्र यांनी तिथे उत्खनन केले. यशोधर मठपाल यांनी चित्रांच्या हुबेहूब नकला केल्या. लांघणजला याच जीवनपद्धतीची माणसे पाय दुमडून पुरलेली सापडली, आणि गेंड्याच्या खांद्याचे एक हाडही, ज्यावर ठोकल्याचे खड्डे आहेत. कोणीतरी ते ऐरणीसारखे वापरले होते. उत्तर गुजरातेत गेंडा होता, म्हणजे पाणथळ गवत होते. एका हाडाने हवामान आणि कारागिरी दोन्ही सांगितले.

चाळीसगाव तालुक्यातले पाटणे मराठी वाचकाला भास्कराचार्यांच्या घराण्याच्या शिलालेखामुळे ठाऊक असेल. तिथे शं. अ. साळी यांनी १९७०च्या दशकात केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचीचे मणी मिळाले, आणि आडव्यातिडव्या रेघा कोरलेला कवचीचा एक तुकडाही. वय सुमारे २५,००० वर्षे. त्या काळी खानदेशात शहामृग फिरत होता, यावर आधी विश्वास बसत नाही. असा मणी करायचा तर कवची फोडायची, तुकडा गोल झाडायचा, दगडी टोचणीने भोक पाडायचे आणि कडा घासून गुळगुळीत करायच्या. तासन्‌तास बसून करायचे हे काम. त्याने पोट भरत नाही, थंडी जात नाही. तरी ते केले गेले, कारण कोणाच्या तरी गळ्यात ती माळ शोभणार होती, किंवा दुसऱ्या टोळीतल्या कोणाला द्यायची होती. मी या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग पाटण्याला दिला आहे, तो यासाठी.

कोकणच्या सड्यांवरची कातळशिल्पे या पुस्तकात थोडक्यात येतील. कशेळीचा अंगभर प्राणी कोरलेला अजस्र हत्ती, बारसू, उक्षी, आणि गोव्यात कुशावतीकाठचे उसगाळीमळ यांनी गेल्या काही दशकांत सगळ्यांचे लक्ष वेधले. कोकणातल्या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. चित्रांत शेतीची खूण नाही, वन्य प्राणी आणि मासे विपुल आहेत. त्यावरून ती शिकारी-संकलकांची असावीत असे अनेक अभ्यासक मानतात. पण उघड्या जांभ्यावरच्या खोदकामाचे वय थेट मोजणे फार अवघड आहे. हजारो वर्षांचे ठोकताळे छातीठोकपणे सांगण्याचा मोह मी टाळला आहे.

वयाच्या वादांबद्दल वाचकाने कंटाळू नये. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी येथे नदीच्या थरात पांढरट राख आहे. ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, हे मान्य आहे. पण कोणत्या उद्रेकाची? ७५,००० वर्षांपूर्वीच्या, की कित्येक लाख वर्षांपूर्वीच्या? उत्तरानुसार तिच्या सोबतच्या हातकुऱ्हाडी महाराष्ट्राच्या इतिहासात कुठल्या कुठे सरकतात. १९८०च्या दशकापासून यावर चर्चा चालू आहे, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे आतल्या प्रकरणात सविस्तर दिले आहे.

ही हत्यारे करणारे दिसत कसे होते, याविषयी भारतात फार थोडा पुरावा आहे. नर्मदेकाठी हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना मिळालेली कवटी हा त्यातला प्रमुख. ती कवटी आजच्यासारख्या माणसाची नव्हती, यावर बहुतेकांचे एकमत आहे. दख्खनवर त्या काळातली माणसाची हाडे मिळालेली नाहीत. म्हणून आतल्या चित्रांत चेहरे काढू नयेत, हात काढावेत, असे चित्रकाराला मी सुचवले आणि त्यांनी ते मान्य केले.

शेवटी एक विनंती. मुरुमाच्या खाणी, कालव्याचे खोदकाम, शेत सपाट करणारी जेसीबी आणि वाळूउपसा यांनी नदीकाठचे थर झपाट्याने जात आहेत. तुम्हाला बांधावर, ओढ्यात किंवा खोदलेल्या मातीत ठोकलेला दगड दिसला तर तो घरी नेऊन कपाटात ठेवू नका. जागेवरच मोजपट्टी किंवा नाणे शेजारी ठेवून फोटो घ्या. दगड वरच पडलेला होता की दरडीत रुतलेला, दरडीत असेल तर माथ्यापासून किती खाली, भोवती छिलके आहेत का, हे लिहा. गावाचे नाव आणि गट क्रमांक टिपा. मग राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. छिलके कसे ओळखायचे याची छायाचित्रे आणि नोंदीचा एक कोरा नमुना शेवटच्या प्रकरणात दिला आहे. तो फाडून खिशात ठेवता येईल असा छापला आहे.